कॅनेलवरून (एसएमएस पाठवायचं सॉफ्टवेअर) रोज 12 हजार एसएमएस, दोन तास लागतात. कुठला सर्व्हर घेऊ?

दूधवाला_आयटी: दूध संघात एकटाच आयटीवाला आहे. सकाळी साडेआठला 12 हजार शेतकऱ्यांना लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), रक्कम असा मराठीत मेसेज जातो, पण शेवटच्याला पोचेपर्यंत साडेदहा वाजतात आणि मग फोन मलाच. 4 जीबीचा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), एसएमएस कंपनीशी एसएमपीपीचा एकच बाइंड (जोडणी), डीएलटी (पाठवणाऱ्याची आणि मेसेजच्या टेम्प्लेटची नोंदणी) झालंय. महिना 1500 च्या वर मिळणार नाहीत.

रॅमराजे: 64 जीबी घ्या डोळे झाकून. आम्ही क्लस्टर (बरेच सर्व्हर एकत्र) केलाय, जास्मिन (कॅनेलसारखंच सॉफ्टवेअर) आणि रॅबिटएमक्यू (मेसेजची रांग सांभाळणारं), मक्खन चालतंय.

जुनाखेळाडू: कशाला हे सगळं राव, 16 पोर्टचं जीएसएम मोडेम घ्या, सिम टाका, सुटलात.

पोळलेला: अजिबात नको!! आम्ही तेच केलं, आठवड्यात सगळी सिम बंद. साध्या सिमवरून असले मेसेज ट्रायच्या (टेलिकॉम नियामक) नियमात बसतच नाहीत.

जुनाखेळाडू: आमची 2 वर्षं चालली.

कोकणी_कोडर: व्हॉट्सॲपच करा ना.

दूधवाला_आयटी: निम्म्या लोकांकडे बटणाचा फोन आहे.

क्यू_मोजणारा: कंपनीने टीपीएस (सेकंदाला किती मेसेज) किती दिलाय? आणि मेसेज केवढा?

दूधवाला_आयटी: टीपीएस 5. मेसेज 142 अक्षरं, 160 च्या आतच आहे की.

क्यू_मोजणारा: तिथेच गोम आहे. 160 इंग्रजीला, देवनागरीला 70, आणि तुकडे पडले की तुकड्याला 67. मात्रा अनुस्वार सगळं वेगळं मोजतात, नुसतं 'संध्याकाळ' 9 खातं. तुमचे 3 तुकडे, म्हणजे 36 हजार, भागिले 5, झाले की दोन तास. सर्व्हर बसून माश्या मारतोय. 70 मध्ये बसवा, 40 मिनिटांत संपेल, बिलही उतरेल. नाहीतर टीपीएस वाढवून मागा. कॉन्फिगमधला थ्रूपुट (पाठवायचा वेग) नुसता वाढवाल तर पलीकडून थ्रॉटलिंग एरर (वेग जास्त म्हणून नकार) येतील.

रॅमराजे: तरी रॅम लागतेच.

पोळलेला: डीएलआर (मेसेज पोचल्याचे रिपोर्ट) इंटर्नलला (नुसत्या मेमरीत) असेल तर मायएसक्यूएलला (डेटाबेसमध्ये) न्या, नाहीतर रीस्टार्टला आधीचे रिपोर्ट गेले समजा. आमचे गेले.

कोकणी_कोडर: साधं सिम नको हे मीपण सांगणार होतो.

दूधवाला_आयटी: मेसेज कापायचं चेअरमनसाहेबांना विचारलं. शेवटी 'आपला विश्वासू' आणि त्यांचं पूर्ण नाव आहे, ते काढायचं नाही म्हणाले, वर टेम्प्लेट परत मंजूर करून घ्यायचं कोण बघणार. 8 जीबीच्या कोटेशनवर सही मात्र लगेच केली. तोच घेतोय.

क्यू_मोजणारा: मग साडेदहाच.

दूधवाला_आयटी: हो. डीएलआर तेवढं मायएसक्यूएलला नेतो रविवारी.