काळ्या गाडीच्या रंगासाठी पॉलिश आणि वॅक्स: सुरुवात कोणत्या वस्तूंनी करावी?

पर्वतीपायथा

नमस्कार. माझ्याकडे पाच वर्षांची काळी हॅचबॅक आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत ती उघड्यावर उभी असते, शेजारी बांधकाम चालू असल्यामुळे सकाळी तिच्यावर सिमेंटच्या धुळीचा थर साचलेला असतो, आणि गाड्या पुसणारे काका एकाच बादलीत फडके बुचकळून आमच्या गाडीसह बारा-पंधरा गाड्या पुसून जातात. परवा रात्री बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरला, तेव्हा प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसल्या. टपावर पाण्याचे पांढरे ठिपके आहेत आणि ते शॅम्पूने जात नाहीत. सोसायटीचे पाणी बोअरचे असल्यामुळे रविवारी गाडी धुताना मी घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून वापरतो.

दुकानात चौकशी केली, तर विक्रेत्याने सरळ रबिंग कंपाउंडचा डबा हातात ठेवला. पॉलिश, वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक स्प्रे यांत नेमका फरक काय, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. चार-पाच हजार रुपयांच्या आत, हाताने काम करणाऱ्या नवशिक्याने काय घ्यावे? यंत्राशिवाय भागेल का?

रविवारची बादली

आधी आरओचे वाया जाणारे पाणी बंद करा. गाळणीतून अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहूनही जड असते. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण ते फरशी पुसायला वापरा. टपावरचे ठिपके बहुधा त्याचेच असावेत. त्यांच्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळा, त्यात भिजवलेले कापड गार पत्र्यावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. इतके करूनही जे ठिपके उरतील, त्यांनी रंगात खड्डा पाडला आहे असे समजावे. ते काम पॉलिशचे आहे.

पॉलिश आणि वॅक्स ही नावे आपल्याकडे एकमेकांच्या जागी वापरली जातात, त्यातूनच गोंधळ होतो. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ते रंगाचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित खरवडून सपाट करतात आणि म्हणून रेघा दिसेनाशा होतात. रबिंग कंपाउंड हे त्याचेच भरड भावंड आहे. वॅक्स काहीही खरवडत नाही, ते फक्त वर पातळ आवरण घालते. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळते. काळ्या रंगावर त्याची झळाळी सुरेख दिसते, पण आपल्या उन्हात ते महिना-दीड महिन्याच्या पलीकडे टिकेल अशी अपेक्षा धरू नये. सीलंट हे कृत्रिम रसायनांचे आवरण असल्यामुळे काही महिने टिकते. बाटलीतला सिरॅमिक स्प्रे त्याच कुळातला आहे. गाड्या चमकवून देणाऱ्या स्टुडिओत करून घेतात त्या सिरॅमिक कोटिंगशी त्याची बरोबरी करू नये.

तुमच्या जागी मी असतो, तर निम्मे पैसे बाटल्यांवर खर्चच केले नसते. दोन बादल्या, गाडीसाठीचा सौम्य शॅम्पू (भांड्यांचा साबण नव्हे, तो वॅक्स उतरवतो), धुण्याचा मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा, गाडी टिपायला एक मोठा जाड टॉवेल आणि मायक्रोफायबरची सहा-आठ कापडे आधी घ्यावीत. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. हातमोजा प्रत्येक दरवाजानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा. जाळी रंगात आपोआप उमटत नाही. सिमेंटची धूळ अडकलेले फडके ती रोज सकाळी कोरत असते.

त्यानंतर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटून बसलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा. धुतलेल्या बॉनेटवरून प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत बोटे घालून हात फिरवून पाहा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बारीक पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागेल. पत्र्यावर शॅम्पूचे पाणी भरपूर शिंपडून क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा, मळला की घडी घालून नवी बाजू वर घ्यावी, आणि जमिनीवर पडला तर मोह न धरता टाकून द्यावा. मग बारीक पॉलिश आणि शेवटी वॅक्स किंवा सीलंट. मेग्वायर्स, थ्रीएम, टर्टल वॅक्स, सोनॅक्स यांपैकी जे सहज मिळेल ते चालेल. नवशिक्याला त्यांतला फरक हाताला जाणवणार नाही.

डेंटिंगपेंटिंग

कोल्हापुरात बावीस वर्षे गाड्या रंगवतो आहे, म्हणून फक्त रंगाच्या जाडीविषयी लिहितो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे छपाईच्या एका कागदाहून फार जास्त नाही. त्यांतला क्लिअर कोट अवघा ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण तोच करतो. एकदा खरवडलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला हौसेने कंपाउंड मारून घेतलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, तेव्हा बॉनेटच्या कडांना आणि दरवाजांच्या उभारलेल्या रेषांवर प्रायमर उघडा पडलेला असतो, कारण थर तिथेच सर्वांत पातळ असतो आणि हाताचा दाबही तिथेच जास्त पडतो.

तेव्हा रबिंग कंपाउंडचा डबा दुकानातच राहू द्या. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकले, तर तो पॉलिशने जाणार नाही आणि तो घालवण्याच्या नादाला लागू नये. यंत्र घ्यायचेच झाले, तर पुढे केव्हातरी ड्युअल ॲक्शन प्रकारचे घ्या. त्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमधले साधे बफिंग मशीन चार-पाच सेकंद एका जागी थांबले तरी कडेचा रंग जळतो. हे मी शिकाऊ असताना एका गिऱ्हाईकाच्या डिकीवर करून बसलो आहे.

एखादे पॅनेल नुकतेच रंगवून घेतले असेल, तर त्यावर किमान दोन महिने वॅक्स लावू नका. आतले सॉल्व्हंट बाहेर पडायला वाव हवा.

जांभामाती

वरच्या दोघांशी मी सहमत आहे, मात्र कार्नोबाविषयीचा उत्साह मला पटत नाही. मी रत्नागिरीत राहतो. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वॅक्सची झळाळी पाहायला कोणाला सवड नसते. लाल मातीचे शिंतोडे पाण्याच्या एका धारेने निघावेत, एवढीच अपेक्षा असते. मे महिन्याच्या शेवटी सीलंट लावले, तर ते गणपतीपर्यंत साथ देते, असा माझा अनुभव आहे. पक्ष्यांची विष्ठा मात्र कोणत्याही आवरणावर विसंबून ठेवू नये. तापलेल्या पत्र्यावर ती काही तासांत डाग पाडते. त्यासाठी डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि एक कापड कायम असू द्या, आणि विष्ठा घासून न काढता भिजवून उचला.

पर्वतीपायथा

सर्वांचे आभार. काल सकाळी सातला, पत्रा गार असताना, काम केले. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून फक्त डाव्या निम्म्या भागावर क्ले, बारीक पॉलिश आणि सीलंट लावले. क्ले दहा मिनिटांतच चहाच्या गाळासारखा तपकिरी झाला. पॉलिश दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यात, हाताने, तीनदा लावावे लागले आणि खांदा आजही दुखतो आहे. रात्री टॉर्च धरला, तेव्हा उजवीकडे जाळी होती तशीच होती. डावीकडे तिची जवळजवळ सगळी बारीक वीण गेली होती आणि नख अडकणारे दोन ओरखडे तेवढे उरले होते. ते मी तसेच ठेवणार आहे. व्हिनेगरने टपावरचे बरेचसे ठिपके गेले.

एक चूक झाली. वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिकला टेप लावायचे राहून गेले आणि तिथे पॉलिशचा पांढरा चट्टा बसला. तो कशाने निघेल?

गाड्या पुसणाऱ्या काकांशीही बोललो. पगार तोच ठेवून त्यांनी आता फक्त काचा आणि चाके पुसायची आणि पत्र्याला हात लावायचा नाही, असे ठरले आहे. त्यांना ते फारसे रुचलेले दिसले नाही.

रविवारची बादली

मऊ टूथब्रश शॅम्पूच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू घासा. चट्टा ताजा आहे तोवर निघेल. बॉनेटची उजवी बाजू करताना टेप आधी प्लॅस्टिकवर लावा.