दुधाने गॅस होणं आणि ॲसिड
वर एकांनी लिहिलंय की दूध पिऊन पोट फुगतं म्हणजे जठरातलं ॲसिड कमी पडतंय, लिंबूपाणी घ्या. तसं नसतं हो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर असतं आणि लहानपणानंतर बऱ्याच जणांत ते कमी होत जातं, मग न फुटलेलं लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि गुडगुड चालू.

प्रत्येक एन्झाइमची जागा ठरलेली. आपल्या सांगलीच्या भडंगाचंच घ्या, घास तोंडात असतानाच लाळेतलं अमायलेज चुरमुऱ्यातला स्टार्च फोडायला लागतं. बिनमसाल्याचे चुरमुरे नुसते चघळत बसा, गोडसर लागतील (तेवढा धीर कोणाला आहे म्हणा). जठरातल्या ॲसिडमध्ये हे अमायलेज बंद पडतं, जठरातल्या पेप्सिन या एन्झाइमला मात्र तेच ॲसिड लागतं, साधारण २ पीएचला (म्हणजे चांगल्याच आंबट वातावरणात) ते जोरात चालतं आणि शेंगदाण्यातली प्रथिनं तोडायला घेतं. तेलाचं मुख्य काम पुढे लहान आतड्यात, यकृतातून येणाऱ्या पित्तरसाने तेलाचे बारीक थेंब होतात मग स्वादुपिंडातलं लायपेज ते फोडतं. हा पित्तरस स्वतः एन्झाइम नाही, हा घोळ बरेच जण करतात.

म्हशीचं दूध सोसत नसेल तर दही खाऊन बघा, विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात. पण वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर इथे विचारत बसू नका, सरळ मिरजेला जाऊन डॉक्टरांना दाखवा.