मदत हवी आहे: बॉल पायथनच्या मादीने दीड महिना खाणं सोडलंय, देत राहू की थांबू?

म्हादईकाठ | 9 फेब्रुवारी

नमस्कार मंडळी, लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही सुचवता यायचं नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाचा प्लीज.

मी वाळपईचा. माझ्याकडे बॉल पायथनची जोडी आहे. मादी चार वर्षांची, साधी नॉर्मल म्हणजे मूळ रंगाची, नर पेस्टल म्हणजे उजळ पिवळसर रंगाचा, अडीच वर्षांचा. दोघांचीही परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद केलेली आहे. हे आपल्याकडचं आजगर नाही, पश्चिम आफ्रिकेतली जात आहे, घाबरली की डोकं मधे घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करते ती. शेजारचे काका अजून विचारतात कोंबडीच्या खुराड्यातून पकडलं काय म्हणून, त्यांना दर वेळी सांगावं लागतं की ते आजगर घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि ही वेगळी.

आता मूळ गोष्ट. यंदा पहिल्यांदाच जोडी लावलीये. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मादी 1,640 ग्रॅम होती, तेव्हापासून दर आठ दिवसांनी 90-100 ग्रॅमचा रॅट दिला, एकदाही नाही म्हटलं नाही, रॅट दाखवायच्या आत झडप. 27 डिसेंबरला वजन 1,755. त्याच रात्री शेवटचं खाल्लं. त्यानंतर आजपर्यंत 44 दिवस काही नाही. दर आठवड्याला देतोय, रॅट फ्रीजरमधून काढून नीट वितळवून कोमट पाण्यात गरम करतो, चिमट्याने पुढे धरतो, ती जीभ काढते, वास घेते आणि तोंड फिरवते. काल वजन केलं, 1,712.

लॉक, म्हणजे दोघांचं मीलन, तीनदा बघितलाय, 22 नोव्हेंबर, 14 डिसेंबर आणि 18 जानेवारी. नराला तीन दिवस तिच्या टबमधे ठेवतो आणि मग दहाबारा दिवस वेगळा. त्यानेही महिनाभर तोंड लावलेलं नाही, 690 चा 640 झालाय, पण नर या दिवसांत खात नाहीत हे माहीत होतं म्हणून त्याची तेवढी भीती वाटत नाही.

मादीचं वागणं मात्र बदललंय. आधी दिवसभर गरम बाजूच्या हाईडमधे, म्हणजे लपायच्या खोक्यात असायची, आता थंड बाजूला पाण्याच्या वाडग्याला घट्ट वेटोळं घालून पडलेली असते, वाडगा उचलायला गेलो तर सोडत नाही. रंगही उजळल्यासारखा वाटतो, अंगावरचं तपकिरी पूर्वी गडद होतं.

माझी धास्ती का ते सांगतो. गेल्या वर्षी मी हिला लवकर मोठी करायच्या नादात एकदम 200 ग्रॅमचा रॅट दिला, वर दुसऱ्याच दिवशी हातात घेतलं, तिसऱ्या रात्री तिने सगळं उलटून टाकलं. तो वास आणि तिचं ते मान ताणणं अजून डोळ्यासमोर आहे. नंतर दोन आठवडे काही दिलं नाही, मग छोट्या रॅटपासून सुरू केलं तेव्हा ती सावरली. माझ्या चुकीने पुन्हा तिला त्रास नको.

तर देत राहू की थांबू? आजारी आहे की अंडी धरतेय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? इथे सापाला हात लावणारा डॉक्टर जवळपास नाही.

पागोळी | 9 फेब्रुवारी

आधी घाबरू नकोस रे. 1,755 वरून 1,712 म्हणजे सहा आठवड्यांत 43 ग्रॅम, अडीच टक्केसुद्धा नाही. आजारी साप असा टिकून राहत नाही. तोंडाला फेस, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं टाकून मान वर धरणं, पाठीचा कणा उठून दिसणं, यातलं काही आहे का? नसेल तर मला हे फॉलिकल, म्हणजे पोटातली कच्ची अंडी, वाढताहेत असंच वाटतं. वाडग्याला वेटोळं घालणं ही त्याची अगदी ओळखीची खूण, त्या दिवसांत मादी थंडावा शोधते. रंग उजळणंही त्यातलंच.

फॉलिकल मोठे झाले की पोटात जागाही उरत नाही, बहुतेक माद्या खाणं बंद करतात. काही ओव्हुलेशनपर्यंत, म्हणजे अंडाशयातून अंडी सुटेपर्यंत खातात, एखादी शेवटपर्यंत खाते. दर आठवड्याला रॅट नाचवू नको, तिला उगाच त्रास आणि तुझा रॅट फुकट. पंधरा दिवसांनी एकदा 40-50 ग्रॅमचा दे, अर्ध्या तासात घेतला नाही तर काढून टाक. नर आत असताना तर रॅट दाखवूच नको, दोघांनी एकाच भक्ष्यावर झडप घातली तर एकमेकांना धरतात. जिवंत रॅट आत सोडून झोपायला जायचं नाही हे तुला माहीत असेलच, न खाणाऱ्या सापाला रॅट कुरतडतो.

पोट चाचपून बघू नकोस, सवय नसलेल्या हाताने इजा होते.

तांबडीमाती | 10 फेब्रुवारी

ताईंशी थोडा असहमत. माझ्या ओळखीचे एक जण म्हणतात की आता जमेल तेवढं खायला घाला, मोठा रॅट, म्हणजे अंडी जास्त येतात. 1,700 ही काही फार मोठी मादी नाही.

पागोळी | 10 फेब्रुवारी

भाऊ, 1,500 च्या वर आणि तीन वर्षं पुरी झालेली मादी चांगली तयार असते. अंड्यांसाठी लागणारं खाणं सप्टेंबर ते डिसेंबरात होतं, ते याने केलंय, तेही बेताने. आता कोंबून संख्या वाढत नाही. मी हेच केलं होतं, 2,400 पर्यंत नेली एकीला, नुसती चरबी, त्या वर्षी तिने तीन पिवळे स्लग, म्हणजे फळ न धरलेली अंडी, टाकले, एकही धड अंडं नाही. त्या मादीचं वाईट मला अजून वाटतं.

म्हादईकाठ, आता तुझं काम बघण्याचं. अंगाच्या मधल्या भागाला अचानक मोठी सूज दिसेल, जसा काही मोठ्ठा रॅट गिळलाय, आणि ती एका दिवसात उतरेल. तेच ओव्हुलेशन, ती तारीख लिहून ठेव. त्यानंतर दोनतीन, फार तर चार आठवड्यांनी कात टाकेल, आणि कातेपासून साधारण महिन्याने अंडी. ती सूज दिसली की नर कायमचा बाहेर काढायचा, त्यालाही पुन्हा खायला लावायचंय. आणि थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, जागेवर आहे ना ते बघ, जानेवारीत तुमच्याकडे सत्तरीत रात्री चांगल्याच गार पडतात.

म्हादईकाठ | 14 फेब्रुवारी

ताई, मनापासून आभार. फेस नाही, आवाज नाही, आरशासारखी साफ. प्रोब बघितला, हिनेच ढकलून वाडग्याला टेकवून ठेवला होता! टेम्परेचर गनने मोजलं तर गरम बाजू 34 च्या पुढे गेली होती, म्हणजे थंड बाजूला पडून राहायला तेही कारण असेल. प्रोब टेपने पक्का केला, आता 31-32 वर आहे. तरी ती वाडगा सोडत नाही, त्यामुळे तुमचंच खरं असावं. 22 ला एकदा छोटा रॅट देऊन बघतो.

म्हादईकाठ | 3 मार्च

22 ला दिला, तोंड फिरवलं, अर्ध्या तासात काढून टाकला, विषय संपला. पण काल सकाळी सहाला लाईट लावली आणि बघतच राहिलो. शेपटीकडच्या अर्ध्यात एवढी फुगली होती की खवल्यांमधली पांढरी कातडी दिसत होती, एकाच जागी अंग ताणून पडलेली. आई म्हणाली, हिने काय गिळलं? संध्याकाळपर्यंत उतरलं. आज गरम बाजूला पोट अर्धं वर करून झोपलीये, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

नर बाहेर काढला, काल रात्री त्याने 50 चा रॅट घेतला.

हिशोब मांडला तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अंडी, आणि 55-60 दिवस म्हणजे पिल्लं जूनच्या मध्यावर, नेमका पाऊस लागायच्या तोंडावर. इथे पहिल्या वादळात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. इन्क्युबेटरसाठी जुन्या फ्रिजचा सांगाडा मिळालाय, त्यात पर्लाईटचे (ओल धरून ठेवणारे पांढरे खडे) डबे ठेवीन, इन्व्हर्टर घरचाच आहे पण तो पंख्यालाच चार तास पुरतो. बारा तास 31 वर धरायचं तर आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर उष्णता टिकेल का, कोणी केलंय का?

पागोळी | 3 मार्च

अभिनंदन रे बाबा! बाटल्या ठेवच, मी दोन दोन लिटरच्या सहा ठेवते, आठ तासांत दीड-दोन अंश उतरतं फक्त. डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं ते अंड्यावर ठिबकू देऊ नको, झाकण थोडं तिरकं बसव. अंडी चिकटलेली असतील तर सोडवायला जाऊ नको आणि वरची बाजू पेन्सिलीने खूण करून ठेव, फिरली तर पिल्लू मरू शकतं. अंडी काढलीस की टब पूर्ण धुऊन काढ, मादीलाही कोमट पाण्याने धू, अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसेल आणि खायची नाही. वजनाचा तिसरा हिस्सा गेलेला असेल, दिसायला वाईट दिसेल, तरी पहिला रॅट 40 चाच दे, जास्त नाही.

पिल्लं निघाली की पोर्टलवर त्यांचीही नोंद करायची आहे, ते विसरू नको.

म्हादईकाठ | 3 मार्च

40 चाच देईन ताई, शब्द. तो फ्रिज उद्या फोंड्याहून आणतो.