वाचनालयात ‘कासव’ दाखवायचाय : परवानगी, चर्चा, तयारी – मदत हवी

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, तालुक्याच्या वाचनालयात सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा ‘कासव’ हा नैराश्यावरचा मराठी चित्रपट दाखवायचा विचार आहे. प्रवेश मोफत, खुर्च्या ८०. ओटीटीवरून लावला तर चालेल का? नंतरची चर्चा कशी घ्यावी? बघताना कुणाला त्रास झाला तर?

खटारा_प्रोजेक्टर : ओटीटी नको. ते सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं. तिकीट नसलं तरी हा सार्वजनिक खेळच. निर्मात्यांकडून लेखी परवानगी घ्या. तारीख, जागा, खुर्च्या, प्रवेश मोफत, एवढं कळवा. फाईल आली की आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर लावून शेवटच्या रांगेत बसून ऐका. संगीत दणदणतंय आणि माणसं पुटपुटतायत असं झालं, तर लॅपटॉपचा आवाज ५.१ वर (सहा स्पीकरांच्या मांडणीवर) आहे. संवाद मधल्या स्पीकरला जातात, तो तुमच्याकडे नाही. सेटिंग स्टिरिओवर (दोन स्पीकरांवर) आणा.

चिठ्ठीवाली : खेळ ४ लाच सुरू करा. ६ ला केलात तर ऐन चर्चेत लोकांना स्वयंपाक आठवतो. संपल्यावर ट्यूबलाइट फटकन लावू नका, नामावली संपू द्या. डोळे पुसायचे असतात.
माईक तर मुळीच फिरवू नका. गावात सगळे ओळखीचे, ‘माझ्या भावाला’ म्हणून कोण उभं राहणार? दारातच सगळ्यांना चिठ्ठी-पेन्सिल द्या आणि कोरी असली तरी प्रत्येकाने पेटीत टाकायची असं सांगा. मग लिहिलं कुणी ते कळत नाही. ‘औषध चहातून दिलं तर चालेल का’ हे कुणीतरी विचारतंच. चर्चेला बोलावलेल्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या. चिठ्ठीवरून निदान मात्र करायचं नाही.

सावलीतला : ‘कासव’मध्ये आत्महत्येचा प्रयत्न आहे. पोस्टरवर तसं लिहा, सुरुवातीलाही सांगा. दाराजवळची रांग मोकळी ठेवा, शेजारच्या खोलीत समुपदेशक बसवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही) चिठ्ठीच्या खालच्या भागावर छापा; तो फाडून घरी नेता येतो. पडद्यावरचा नंबर कुणी उतरवून घेत नाही.
समुपदेशक मिळालाच नाही तर यंदा त्याच जोडीचा ‘अस्तु’ लावा. स्मृतिभ्रंशावरचा आहे, घरी म्हातारं माणूस सांभाळणारे त्यावर लवकर बोलतात.

धागाकर्ता : चिठ्ठ्या वाचायच्या कुणी? आमचे ग्रंथपाल तयार आहेत.

चिठ्ठीवाली : ते नकोत. रोज वहीत सह्या घेतात, अर्ध्या गावाचं अक्षर ओळखतात. बाहेरगावचं कुणीतरी बघा.