प्रतिसाद: फुटलेल्यांचं नाव शेवटी यांच्याच गळ्यात

वर कुणीतरी मेलबर्नच्या व्हीएफएला (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलची संघटना) 'उपनगरांची दुय्यम लीग' म्हटलंय. सुरुवातीला तसं नव्हतं हो. १८७७ साली स्थापन झालेली ही संघटनाच थोरली. १८९६ च्या अखेरीस कॉलिंगवूड, एसेंडनसारखे आठ तालेवार क्लब फुटले, त्यांनी व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) काढली आणि घरातली थोरली जाऊबाई माजघरात गेली!

पण तिने बंड सोडलं नाही. १९३८ मध्ये चक्क चेंडू फेकायला परवानगी दिली: दोन्ही हातांनी, खांद्याखालून. एरवी या खेळात चेंडू एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो, त्यामुळे फेकण्याने खेळ भलताच वेगवान झाला. व्हीएफएलचे मोहरेही पळवले. बॉब प्रॅटने १९४१ मध्ये कोबर्गकडून १८३ गोल ठोकले, रॉन टॉडने १९४५ मध्ये विल्यम्सटाउनकडून १८८! १९४९ नंतर मात्र फेक बंद. १९६० पासून रविवारचे सामने सुरू झाले, तेव्हा व्हीएफएल शनिवारीच खेळायची.

गंमत पुढेच आहे. १९९० मध्ये व्हीएफएल झाली एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग), आणि १९९६ मध्ये व्हीएफएने तेच मोकळं झालेलं 'व्हीएफएल' नाव लावलं. माझ्या मते त्या दिवशी जुनी संघटना खरी संपली.