फारकत कुणापासून घ्यायची? आमच्या मंडळीपुढचा प्रश्न

मिनेसोटाकर
प्रभूत सलाम. गेले तीन बुधवार आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनासभा संपली तरी कुणी घरी जात नाही. मागच्या स्वयंपाकघरातली कॉफी संपते, मुले खुर्च्यांवर पेंगतात, आणि डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, एकाच कागदावर बोट ठेवून बोलत राहतात. त्या कागदावर वसंतातल्या शास्त्रपरिषदेसाठी सुचवलेल्या एका वक्त्याचे नाव आहे. माणूस सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बॅप्टिस्ट पंथाचा. आमची मंडळी स्वतंत्र बॅप्टिस्ट, म्हणजे त्या पंथाबाहेरची, आणि फंडामेंटलिस्ट. कुमारीपासून जन्म, शास्त्राचा निर्दोषपणा, ख्रिस्ताने आपल्या जागी सोसलेले मरण, देहासह पुनरुत्थान, पुनरागमन, यातल्या एकाही गोष्टीवर त्याचे-आमचे दुमत नाही. आक्षेप एवढाच, की तो ज्यांच्याबरोबर व्यासपीठावर बसतो त्यांतले काही जण भलत्यांबरोबर बसतात.

फंडामेंटलिस्टला मराठीत मूलतत्त्ववादी म्हटले की लोकांना बंदूकच दिसते, म्हणून थोडे मागचे सांगतो. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. त्यांतली तत्त्वे राखण्यासाठी लढायला तयार असलेल्यांना १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने फंडामेंटलिस्ट म्हटले. लढाई बाहेरच्यांशी नव्हती. एकाच पंथात, एकाच तिजोरीतून पगार घेणाऱ्या आणि पुनरुत्थान झालेच नाही असे शिकवणाऱ्यांशी होती. आपल्याला जवळचे उदाहरण अमेरिकन प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्रज्ञ ग्रेशॅम मेचेन यांचे. १९३२ मध्ये हार्वर्डच्या हॉकिंग यांच्या समितीने भारत, ब्रह्मदेश, चीन, जपान फिरून मिशनकार्याचा अहवाल दिला. मिशनऱ्यांनी धर्मांतराच्या मागे न लागता इतर धर्मांच्या साथीने सत्य शोधावे, असा त्याचा सूर. मेचेन यांनी १९३३ मध्ये वेगळे मिशन मंडळ काढले. ते सोडण्याचा पंथाचा हुकूम त्यांनी मानला नाही, म्हणून १९३५ मध्ये प्रेस्बिटेरियन न्यायमंडळाने त्यांचे पाळकपद स्थगित केले. पुढच्या वर्षी त्यांनी सोबत्यांसह नवी मंडळी उभी केली.

ती फारकत मला पटते. सुवार्ताच, म्हणजे तारणाचा संदेशच, वेगळी असेल तर एका ताटात जेवता येत नाही. ‘त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा’ हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले वचन तिथे लागू पडते. पण आम्ही त्यावर मजले चढवले. चुकीच्या शिक्षकापासून वेगळे व्हा, हा पहिला. जो त्याच्यापासून वेगळा होत नाही त्याच्यापासूनही वेगळे व्हा, हा दुसरा. आता तिसरा चढतो आहे.

सदर्न बॅप्टिस्टांना आमच्या वाडवडिलांनी किती वर्षे सांगितले, तुमचे अधिवेशन, म्हणजे तुमची पंथसंघटना, उदारमतवाद्यांच्या, या मूलतत्त्वांना सैल सोडणाऱ्यांच्या, हातात गेले आहे, बाहेर पडा. ते पडले नाहीत. १९७९ पासून त्यांनी एकेक अध्यक्षपद मतांनी जिंकले. १९९३ मध्ये अल मोहलर लुईव्हिलच्या त्यांच्या सेमिनरीचे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचे, प्रमुख झाले आणि १८५८ चा विश्वासनामा प्रामाणिकपणे मानून शिकवा, नाहीतर जा, असे त्यांनी प्राध्यापकांना सांगितले. बरेच गेले. हे काम आम्ही बाहेर उभे राहून केले असते का? मिनेसोटातलेच केव्हिन बाउडर फंडामेंटलिस्ट आहेत, तरी ते म्हणत आले की असे इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता आपलीच मानणारे पण आपल्याइतकी फारकत न घेणारे, आपले शत्रू नव्हेत, सुवार्तेच्या रक्षणात ते आपले सोबती आहेत. माझे मतही तेच. तुमचे सांगा.

जुना शिष्य
मिनेसोटाकर, तुमची कळकळ कळते. पण तुम्ही १९५७ ओलांडून गेलात, आणि सगळे तिथेच आहे.

मोठमोठ्या सभा घेणारे सुवार्तिक बिली ग्रॅहम आमच्यातलेच होते. १९३६ मध्ये काही महिने बॉब जोन्स कॉलेजात शिकले. फंडामेंटलिस्ट संपादक जॉन आर. राइस यांनी त्यांची पाठराखण केली. मग न्यूयॉर्कची सभा आली, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १५ मेपासून सोळा आठवडे. यजमान होते शहरातले प्रोटेस्टंट कौन्सिल, ज्यात कुमारीपासूनचा जन्म नाकारणारे पाळक होते. ग्रॅहम यांच्या संदेशात एक शब्द बदलला नव्हता. म्हणूनच पुष्कळांना वाटले, बिघडले काय?

बिघडले ते कार्डात. आवाहन झाले की माणूस रडत पुढे यायचा. त्याच्या शेजारी बसलेला कार्यकर्ता कार्डावर नाव, पत्ता, कोणती मंडळी आवडेल ते लिहून घ्यायचा. रात्री ती कार्डे वेगळी करून त्या-त्या पाळकांकडे रवाना व्हायची, आणि त्या पाळकांत हे लोकही होते. ज्याने काल रात्री येशूला प्रभू म्हटले, त्याला आज सकाळी येशू फक्त थोर शिक्षक होता असे सांगणाऱ्याच्या हाती सोपवले. पोटच्या पोराला असे कुणी सोपवील का? त्या कॉलेजाचे संस्थापक बॉब जोन्स सीनियर आणि राइस ग्रॅहम यांच्यापासून तुटले ते या कार्डांवरून. मत्सराने तुटले म्हणणाऱ्यांनी हे कार्ड एकदा डोळ्यांसमोर धरावे.

आणि तुमचे मोहलर? २००१ मध्ये लुईव्हिलला ग्रॅहम यांची सभा झाली, तिच्या समितीचे अध्यक्ष तेच. २००९ मध्ये मॅनहॅटन जाहीरनामा निघाला, गर्भपात, विवाह आणि धर्मस्वातंत्र्यावर. त्यात रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि इव्हँजेलिकल मिळून ‘आम्ही ख्रिस्ती’ म्हणून बोलले. मोहलर यांनी सही केली. पाळक जॉन मॅकार्थर आणि धर्मशास्त्रज्ञ आर. सी. स्प्राउल यांनी केली नाही, आणि ते दोघे तर फंडामेंटलिस्टसुद्धा नव्हेत. त्यांना जे दिसले ते आम्हाला दिसू नये?

फुलर सेमिनरी १९४७ मध्ये काढणारेही खंबीर होते. पंचवीसेक वर्षांत तिच्या विश्वासनाम्यातून शास्त्राच्या निर्दोषपणाचा शब्द गेला. एका दिवसात कुणी घसरत नाही.

मिनेसोटाकर
कार्डाचा मुद्दा मी टाळत नाही. न्यूयॉर्कमध्ये ग्रॅहम चुकले, असेच मी मानतो. २००९ ची सहीसुद्धा मला चूक वाटते. पण स्प्राउल यांनी सही का नाकारली ते उघड लिहिले आणि तरी मोहलर यांच्याशी नाते तोडले नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की न ऐकणाऱ्याची संगत धरू नका, आणि पुढच्याच वचनात सांगतो की त्याला शत्रू न मानता बंधू म्हणून समज द्या. आम्ही पहिले वचन पाठ केले. दुसरे करायचे तर आधी त्याच्याशी बोलावे लागते.

नगरी
मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे तुम्हा दोघांच्याही यादीत न बसणारा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एक झाले, त्यात आमचीही जुनी अमेरिकन मराठी मिशनची मंडळी आली. पुढे काही वर्षांनी नगरला आमच्या घरी एक अमेरिकन पाहुणे आले होते. आईने बशीत चहा ओतून गार करून दिला, कारण त्यांना कप फार गरम लागत होता. बशी हातात धरूनच त्यांनी वडिलांना विचारले, “तुमची मंडळी ऐक्यात गेली का?” वडील हो म्हणाले. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. वडिलांचा विश्वास काय, हे त्यांनी विचारलेच नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर रोज पहाटे शास्त्र वाचले, वधस्तंभाशिवाय दुसरे तारण सांगितले नाही.

तुमच्या भांडणात तत्त्व आहे, ते मला समजते. आमच्याकडच्या मिशनच्या बंगल्या-कंपाउंडच्या मालकीवरून चालणाऱ्या खटल्यांपेक्षा ते बरेच. पण माणसाला न विचारता त्याच्या पंथाच्या पाटीवरून फारकत घेऊ नका, एवढे कळवळून सांगतो.

जुना शिष्य
नगरी, ते पाहुणे चुकले. वडिलांना विचारायला हवे होते. पण जे ऐक्य विश्वासनाम्याचा अर्थ सैल ठेवून होते, त्यात तुमच्या वडिलांसारख्यांच्या नावावर दुसरेच शिक्षण खपते. योहानाच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकाचे स्वागत करणाऱ्याला त्याच्या कामाचा भागीदार म्हटले आहे. भागीदार, म्हणजे ज्याने स्वतः ते शिकवले नाही तोही.

कॅरोलिनाची सून
मी दोन वर्षे साउथ कॅरोलिनात होते आणि एक गोष्ट कुणी बोलले नाही म्हणून बोलते. बॉब जोन्स विद्यापीठात वेगवेगळ्या वंशांच्या मुलामुलींनी भेटीगाठी करण्यावर बंदी होती. त्यासाठी त्यांनी करसवलत गमावली, १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले, तरी बंदी २००० पर्यंत ठेवली. माफी २००८ मध्ये मागितली. शास्त्राच्या नावाने. इतकी वर्षे त्यांना कुणी भावाने खडसावले नाही का? खडसावणारे असतील, पण त्यांच्यापासून आधीच फारकत घेतलेली. माझा नवरा कृष्णवर्णीय आहे, आमची मुलगी नऊ वर्षांची. भिंत बांधताना उदारमतवादी बाहेर राहतो हे खरे, पण समज देणारा भाऊही बाहेर राहतो.

जुना शिष्य
ताई, यावर माझ्याकडे बचाव नाही. ते पाप होते आणि आमच्या लोकांनी ते वचनाने झाकले. त्याची लाज मला आहे.

फक्त एक जोडतो. सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशन १८४५ मध्ये जन्मले तेच गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होऊ द्यावे या हट्टातून, आणि त्यांची माफी १९९५ ची. ते तर सर्वांबरोबर सहकार्य करणारे. दार उघडे असले म्हणून हे पाप निघून गेले नाही.

कॅरोलिनाची सून
हे मान्य. पण १९९५ ला त्यांच्यात विरोधी बाजूने उभे राहून बोलायला माणसे आत होती. तुमच्यात ती आत असती तर २००० उजाडले नसते.

स्तोत्रप्रेमी
मला विचाराल तर निम्मी अडचण गाण्यांची आहे. वक्ता चालेल, पण त्याच्यामागून ड्रम आणि मंचावरचे दिवे येतील ही भीती. आणि भाषादान, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणे, आजही चालू आहे असे मानणारेही वक्त्याच्या गटात आहेत. डीकन हे उघड बोलत असतील तर बरे, नाहीतर चर्चा सुवार्तेची आणि मत ड्रमवर.

मिनेसोटाकर
स्तोत्रप्रेमी, दोन डीकनांनी गेल्या बुधवारी नेमके तेच बोलून दाखवले, आणि त्यानंतर बोलणे सोपे झाले.

सगळ्यांचे वाचून मी निमंत्रणाच्या बाजूनेच हात वर करणार आहे. मात्र निमंत्रण जाण्याआधी पाहुण्यांना एक पत्र जावे असे सुचवणार आहे. त्यात जुना शिष्य यांचा प्रश्न असेल: तुमच्या सभेत एखादा माणूस रडत पुढे आला, तर त्याचे कार्ड तुम्ही कुणाकडे पाठवता, आणि कुणाकडे पाठवत नाही? उत्तर आले की मंडळीसमोर वाचायचे, मगच मतदान. नगरी, तुमच्या वडिलांची ती बशी मी आमच्या पाळकसाहेबांना आज दुपारी फोनवर सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पत्रात त्यांच्या विश्वासाचा प्रश्न पहिला लिही, कार्डाचा दुसरा.