माळ्यावर बाराबंदी सापडली... लेकरं दोन-तीन वर्षांची असतानाच्या तुमच्या सुट्ट्या सांगा

माळ्यावरची आई
काल माळा काढला. दिवाळीआधी काढायचा तो आत्ता, असो. चादरींच्या गाठोड्यात एक वीतभर बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा सदरा, निघाली. पांढरी, दोन बंद तुटलेले, छातीवर गुलाबी डाग. तो डाग बघितला आणि शिडीवरच बसले.

लेक तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. आता चौथीत आहे, त्याला दाखवली तर म्हणतो, "हे बाहुलीचं आहे का?"

त्या जानेवारीत ह्यांना लागून चार दिवस सुट्टी मिळाली होती. मी गोव्याची हॉटेलं बघून ठेवलेली. सासूबाई म्हणाल्या, गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, घरातलं माणूस गावाबाहेर जात नसतं. झालं, विषय संपला. मी दोन दिवस भांडी जोरात घासली.

यात्रेतल्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी सम्मती कट्ट्याकडं गेलो. गर्दी तुम्हाला माहितीये, सांगायला नको. लेक ह्यांच्या खांद्यावर. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, समोर, लोक हात जोडून उभे, आणि ह्याचं सगळं लक्ष पुढच्या काकांच्या फेट्याच्या शेमल्यावर. वाकून धरला आणि चोखायला लागला. मी खालून हात करतेय, ह्यांना काही कळेना. तेवढ्यात कुणीतरी "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हटलं, सगळ्यांनी "हर्र" केलं, आवाज शमला, आणि मग एकट्याचाच मागनं आला: "हल्ल!"

आसपासची पन्नास माणसं हसली. काकांनी वळून बघितलं तर शेमला चिंब. चिडतील वाटलं, तर त्यांनी पिशवीतल्या साखरेच्या हाराचा एक गुलाबी खडा काढून त्याच्या हातात दिला. तो हा डाग.

संध्याकाळी होम मैदानावरच्या जत्रेत पैसे देऊन छोट्या आगगाडीत बसवला. रडून उतरला. मिकी माउसच्या हवेच्या घसरगुंडीवर चढेना. शेवटी भज्यांच्या एका गाड्यामागं पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकत होता, त्याखाली हात धरून अर्धा तास बसला. हे म्हणाले, "गोव्याचे पैसे वाचले. समुद्र इथंच होता."

तर टाका तुमचेही. ज्ञान नको, अनुभव हवेत. मोबाईल किती वेळ द्यावा यावर भाषण करणाऱ्याला शेंगाचटणी मिळणार नाही.

बे_सोलापूरकर
हल्ल!! लई हसलो बे.
आमचं पोरगं अडीच वर्षाचं असताना विजापूरला गोलघुमट बघायला गेल्तो. इथनं शंभर किलोमीटर, पोरगं गाडीत तीनदा ओकलं. वरच्या सज्जापर्यंत जिना एवढा अरुंद की मी घामाघूम, ते कडेवर, बायको मागनं बाटली घेऊन. वर गाईड सांगूलालाय, इथं कुजबुजलं तरी पलीकडं ऐकू जातंय, आवाज सात वेळा घुमतो. सगळे चिडीचूप. आमच्यानं नेमकं तेव्हाच सांगितलं, "शी आली."
सात वेळा बे. सात.
खाली आदिलशहा 1656 पासून निवांत झोपलाय, त्याची पण झोपमोड.

कडकभाकरी
मेले मी 😂 मग पुढं काय केलंत?

बे_सोलापूरकर
पळालो. त्या जिन्यानं. उतरायला चढण्यापेक्षा निम्मा वेळ लागला.

पूर्वभाग_मागवाला
आमचं घर मागाच्या कारखान्याला लागून. टॉवेलचे माग, दिवसरात्र खटखट. मुलगी जन्मली तेव्हा पाहुणे म्हणायचे, ह्या आवाजात लेकरू झोपतं कसं. मस्त झोपायची.
दोन वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा ऐपत झाली, महाबळेश्वरला गेलो. तीन दिवसांचं बुकिंग. खोली छान, बाहेर धुकं, पान हललं तरी ऐकू येईल एवढी शांतता. पोरगी झोपेचना. रात्री दोन वाजेपर्यंत टक्क. कान दुखतो का, पोट दुखतं का, सगळं करून झालं. मग बायकोच्या डोक्यात आलं. टेबलावर दोन चमचे घेऊन मी खटखट खटखट सुरू केलं. पाच मिनिटांत गार. थांबलो की डोळे उघडे. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला, बाबा मागाजवळ उभा राहा आणि दोन तास रेकॉर्ड करून पाठव. महाबळेश्वरात आम्ही काय बघितलं म्हणाल तर चमचे.

साखरपेठ_अम्मा
मागवाले, आमच्याकडंही हेच. दसऱ्याला सगळे माग बंद, पूजा, आणि गल्लीतली सगळी लेकरं चिडचिडी.
आमच्या नातवाचं दुसरंच. घरात तेलुगू, शेजारची अज्जी कन्नड, गल्लीत मराठी. तहान लागली की आधी मला "नीळ्ळु" म्हणायचा, मी नाही उठले तर खिडकीतनं अज्जीला "नीरु", तिनंही नाही ऐकलं तर रस्त्यावर बघून "पाणीईई". कुणी ना कुणी आणायचंच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागं चालताना पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, बाळ तुझी भाषा कुठली? म्हणाला, "गोळी."

कडकभाकरी
गोळी 😂😂

रविवारबाबा
वाचतोय बऱ्याच वेळापासून. माझा जरा वेगळा आहे.
मुलगी एक ते तीन वर्षांची असताना मी पुण्यात नोकरीला. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसनं यायचो, तेव्हा ती झोपलेली. शनिवारी उठली की दारामागनं बघायची. जवळ यायला दुपार व्हायची, रविवारी रात्री मी परत. तिनं कुणालातरी सांगितलेलं, "माझे बाबा गाडीत राहतात." तिला खरंच तसं वाटायचं. स्टेशनवर सोडायला यायची ना.
एकदा सोमवारी सुट्टी टाकली आणि तिला घेऊन सकाळच्या हुतात्मामध्ये बसलो. म्हटलं, चल, बाबाचं घर दाखवतो. सीट दाखवली, खिडकी दाखवली, पिशवी ठेवायची जागा दाखवली. तिनं विचारलं, "गादी कुठाय?" कुर्डुवाडीला उतरलो. बाकड्यावर बसून दोन केळी खाल्ली, एक मालगाडी मोजली (डबे एकोणीसपर्यंत, कारण पुढचा आकडा येत नव्हता, मग परत एकपासून). मिळेल त्या गाडीनं परत.
आमची पहिली सहल म्हणजे ही. कुर्डुवाडी.

माळ्यावरची आई
रविवारबाबा, "गादी कुठाय" वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आता कुठं आहात?

रविवारबाबा
आता इथंच, जुळे सोलापूर. पगार कमी आहे. गादी आहे.

निवृत्त_गार्डकाका
कुर्डुवाडीचं नाव निघालं म्हणून लिहितो. विषयाला धरून नाही, माफ करा. बार्शी लाइट म्हणजे काय हे आताच्या पोरांना कळायचं नाही. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, अडीच फुटी रूळ, पुढं एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरज. चढ आला की इतकी हळू की आम्ही उतरून बोरं तोडायचो आणि पुन्हा चढायचो. आई ओरडायची, पण तीही एकदा उतरली होती. आता सगळं ब्रॉडगेज. बोरं कुठली.

कडकभाकरी
काका, विषयाला धरूनच आहे, लिहीत राहा.
माझा अनुभव नावातच. दाढा येताना पोरगी खुर्चीचा पाय, चप्पल, नवऱ्याची कोपरं, काहीही चावायची. दुकानातली रबरी खेळणी थुंकून टाकायची. आईनं कडक भाकरीचा तळहाताएवढा तुकडा दिला. तासभर शांतता. मग सहलीला जाताना पिशवीत खेळणी नाहीत, दोन भाकऱ्या. अक्कलकोटला देवळाच्या ओट्यावर बसून चघळत होती, एका आजींनी कौतुकानं शेंगाचटणी पुढं केली. मी नको नको म्हणेपर्यंत बोट घालून चाटलं. तिखट लागलं, लाल झाली, रडली, आणि पुन्हा बोट घातलं. सोलापूरचीच आहे.

दोनलेकरं_एकजीव
भाकरीचं जपून हं. आमच्या धाकट्यानं एकदा टोक मोडून गिळलं आणि घशात अडकलं. उलटं धरून पाठीवर थोपटल्यावर बाहेर आलं, पण हातपाय गळाले माझे. समोर बसून द्या.

कडकभाकरी
हो हो, समोरच. मी तेवढ्यात भांडी उरकायचे पण ओट्यावरनं डोळा तिकडंच.

शेतावरची
येळवस, म्हणजे वेळ अमावास्येची शेतातली पूजा, कुणी लिहिली नाही अजून?? आमचं शेत मोहोळकडं. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील. लेक दोन वर्षांचा. सासरे पूजा मांडून आंबील शिंपडत शेताला फेरी मारायला गेले, आम्ही बायका पानं घेत होतो. सासरे परत आले, बघतात तर पांडव चार.
"भीम कुठाय?" म्हणाले. अख्खं घर भीम शोधायला. ज्वारीत, खोपीमागं, बैलगाडीखाली. शेवटी पोराला लघवीला न्यायला उचललं तर जड लागला. स्वेटरच्या आत भीम. आंबील पाजून झाली होती त्याला. दगडाला.

बे_सोलापूरकर
भीमच का पण, अर्जुन का नाही?

शेतावरची
सगळ्यात मोठा दगड तोच होता दादा

पाण्याचा_दिवस
आमच्याकडं सहल बिहल नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 43 च्या वर आणि पाणी यायचा दिवस असला की गच्चीवर घमेलं. पोरगा त्यात, पोराची बदकं त्यात, उरलेल्या पाण्यात कपडे, त्या पाण्यात फरशी, मग कुंड्या. बदकंपण धुतली जायची चार वेळा. बस एवढंच, कुकर झालाय.

होममैदान_धसका
सगळे गंमत लिहिताहेत, माझं तसं नाही, तरी लिहिते.
गड्ड्यात लेक हरवला. सव्वादोन वर्षांचा. मी बांगड्या बघत होते, ह्यांना वाटलं माझ्याकडं, मला वाटलं ह्यांच्याकडं. दहा मिनिटं असतील फार तर. त्या दहा मिनिटांत पाळण्याचे दिवे फिरत होते, सगळ्या लाउडस्पीकरवर वेगवेगळी गाणी, आणि प्रत्येक पोराचा शर्ट निळा. मग पुकारा ऐकू आला, "बाळा नावाचा मुलगा सापडला आहे." मी ऐकून पुढं गेले! ह्याचं नाव बाळा थोडीच आहे. मग लक्षात आलं, घरात सगळे बाळाच म्हणतात, नाव विचारल्यावर तेच सांगणार ना तो. गेले तर फुगेवालीच्या मांडीवर बसून मक्याचं कणीस खात होता. मला बघून म्हणाला, "आई हरवली होती."
घरी सगळे मलाच बोलले. ह्यांना कुणी काही नाही.

माळ्यावरची आई
अगं बाई. जवळ असतीस तर मिठी मारली असती. आणि बोलणाऱ्यांचं सोड, दोघांचं लेकरू दोघांकडनं सुटलं.

साखरपेठ_अम्मा
आम्ही दंडावर पेनानं फोन नंबर लिहून न्यायचो. पुसला जाऊ नये म्हणून वर खोबरेल लावू नका, मी लावलं होतं, सगळा निळा झाला.

नवीन_बाबा
छोटी बाराबंदी कुठं शिवून मिळते? आमचा जानेवारीत सव्वा वर्षाचा होईल.

शेतावरची
आमची बाळीवेशीत शिंप्याकडनं शिवली होती. माप घ्यायला बाळ झोपलेलं असतानाच न्या. आणि चार बोटं मोठी सांगा, स्वेटरवरनं घालावी लागते.

संगमावरचे_आजोबा
नातवाला हत्तरसंग कुडलला नेलं होतं, भीमा-सीनेचा संगम. मला तिथला मराठी शिलालेख दाखवायचा होता, शके 940, म्हणजे 1018 चा. वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे त्यात. मी भक्तिभावानं सांगतोय, त्यानं अक्षरांवर बोट फिरवलं आणि मोठ्यांदा वाचलं, "ए, बी, शी." विजयी म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.
तिथलं शिवलिंग बहुमुखी आहे, 359 मुखं. साहेबांना प्रत्येकाला पापा द्यायचा होता. नऊ झाल्यावर उचललं, तर संगमापर्यंत रडारड, "बाकीचे रुसले."

कडकभाकरी
बाकीचे रुसले 😭 आजोबा, परत न्या हो त्याला

संगमावरचे_आजोबा
आता तो अकरावीत आहे. विचारून बघतो.

रात्रपाळी_आई
सगळं वाचून काढलं, कारण आमची अजून जागी आहे. एक वर्ष चार महिने. साडेबारा वाजले. मागवाले दादा, तो आवाज अजून आहे का तुमच्याकडं?

पूर्वभाग_मागवाला
आहे की. पाठवतो. पंखा बंद नका करू, सोबत बरा लागतो. फक्त बाविसाव्या मिनिटाला सुताची कांडी संपते म्हणून माग थांबतो, भाऊ बदलेपर्यंत अर्धा मिनिट काहीच आवाज नाही. तेवढं चमच्यावर काढा.

रात्रपाळी_आई
झोपली!! चौथ्या मिनिटाला. खूप खूप आभार दादा.

रात्रपाळी_आई
चमचे स्वयंपाकघरात राहिले होते. उठली.